साडेआठ नंबरचा जोड

आमच्या कॉर्डेल गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत व्हायची मारामार. पण एवढं सगळे मानतात, की व्हर्लिन हॉस्टेटलर गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवू शकतात आणि त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. बँकेच्या शेजारी त्यांचं बुटांचं दुकान आहे. वर्षभर तिथे गोठ्यात घालायचे रबरी बूट, कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट आणि जुन्या वळणाच्या आमिश पंथातल्या बायकांचे काळे जोड विकले जातात. ऑक्टोबर लागला, मक्याची कापणी उरकत आली, की दुकानाची मागची खोली उघडते. तिथे फक्त बास्केटबॉलचे बूट.

त्या खोलीत जमिनीवर खाटेएवढा लाकडी तुकडा जडवलेला आहे. मेपलच्या फळ्या, त्यावर अर्धी पुसलेली काळी रेघ. सत्त्याऐंशी साली आमच्या गावची शाळा बंद करून शेजारच्या दोन शाळांत मिसळली आणि जुना हॉल पाडला, तेव्हा व्हर्लिननी मैदानाचा हा कोपरा पहारीने उचकटून आणला. "गालिच्यावर सगळेच बूट चांगले," ते म्हणतात. "या फळ्यांवर चढ, मग बोल."

मोसमाचा पहिला सराव सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या मुलींचा अख्खा बास्केटबॉल संघ तिथे येतो, जुने बूट हातात घेऊन. जुने बूट नसतील तर दारातूनच परत. व्हर्लिन ते पालथे करून त्या खोलीतल्या गल्ल्यावर मांडतात आणि चष्मा कपाळावर सरकवून तळ बघत बसतात. उजव्या बुटाचं नाक घासलेलं असेल तर ही पोरगी बास्केटखाली वळताना पाय ओढते. बाहेरची कड झिजली असेल तर घोटा बाहेर कलंडतो. चवड्याखाली गोल चकती झाली असेल तर ही एका पायावर गिरकी घेणारी, हिला वजनदार बूट देऊन चालायचं नाही. मागच्या वर्षी एका उंच पोरीला त्यांनी मी ऐकत असताना विचारलं होतं, "तू चेंडू आला की मागे सरकतेस का गं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ती चिडली.

"तुझ्या टाचांनी. बूट बदलून उपयोग नाही, आधी भीती बदल."

पायाचं माप ते संध्याकाळीच घेतात, कारण दिवसभर उभं राहून पाय फुगतो आणि सामनेही संध्याकाळीच असतात. मोजे सामन्यातलेच हवेत. बूट चढवला की अंगठ्याने पुढचं टोक दाबायचं, मग पोरीला फळ्यांवर चढवायचं, पळत येऊन थांबायला लावायचं, उडी मारायला लावायची. "उंच उडवणारे बूट द्या" असं कोणी म्हटलं की म्हातारा उखडलाच. "बूट तुला उडवत नाही, पोरी. बूट तुला खाली आणतो." आणि शेवटी, गुडघ्यावर बसूनच, तो एक प्रश्न: "टाच हलते का? खरं सांग."

हे सगळं झालं की ते गल्ल्याखालचा डबा काढून प्रत्येकीला हिरव्या लेसचा एक जोड देतात. फुकट. बूट बाराजणींचे बारा तऱ्हांचे, लेस सगळ्यांची शाळेच्या रंगाची. "रंग गावाचा, बूट ज्याचा त्याचा" हे त्यांचं वाक्य गावातली पोरं त्यांचीच नक्कल करत म्हणतात. चौऱ्याण्णव सालापासून हे चालू आहे. लोक म्हणायचे, हॉस्टेटलर पक्का धंदेवाला, दोन दोऱ्यांत जाहिरात उरकतो. मीही तेच म्हणायचे.

मी शाळेची बस चालवते. पहाटे पायऱ्या चढताना माझा डावा गुडघा कुरकुरतो आणि पाऊस यायच्या आधी मला कळतं, एवढीच माझ्या बास्केटबॉलची शिल्लक. सोळा वर्षांची असताना मी इथली सगळ्यात चपळ पोरगी होते, हे मीच सांगितलेलं बरं, कारण सांगणारे आता थोडेच उरलेत. खेळाडू निवडणारी विद्यापीठाची माणसं दोनदा मला बघून गेली होती. त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आम्ही विभागीय स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. तेव्हा लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत असायच्या. समोर चार हजार मुलांची शाळा आणि इकडे आम्ही, मक्याच्या शेतातून आलेल्या. गाव वेडं झालं होतं. पालकांनी पैसे गोळा करून बाराजणींना एकसारखे पांढरे बूट घ्यायचं ठरवलं. टाचेवर हिरव्या रंगात प्रत्येकीचं नाव.

ते बूट मागवले व्हर्लिननीच. सामन्याच्या दोन दिवस आधी आम्ही ते याच खोलीत घातले. फोटोवाला बाहेर थांबला होता. व्हर्लिननी माझ्या पायाशी बसून अंगठ्याने टोक दाबलं आणि विचारलं, "टाच हलते का? खरं सांग."

माझी टाच हलत होती. प्रत्येक पावलाला ती वर येऊन परत बसत होती. पण हो म्हटलं असतं तर बाराजणींच्या फोटोत अकरा पांढऱ्या जोडांमध्ये माझे एकटीचे जुने निळे बूट दिसले असते. मी म्हटलं, "नाही."

सामन्याच्या तिसऱ्या सत्रात मी चेंडू हिसकावून एकटीच पुढे गेले, उडी मारली, आणि खाली येताना बूट जागेवर राहिला पण आतला पाय राहिला नाही. गुडघ्यातून आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. डॉक्टर म्हणाले, असे गुडघे कुठल्याही बुटात जातात, कोणाला बोल लावू नका. मी कोणाला लावणार होते? खोटं मीच बोलले होते. विद्यापीठाची माणसं पुन्हा आली नाहीत आणि गाव हरलं ते माझ्या खोट्यामुळे, हे एकतीस वर्षं मी कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्या खोलीतही मी पाय ठेवला नाही. माझ्या लेकीला, केन्नाला, पहिले बूट घ्यायची वेळ आली तेव्हा मी गाडीत बसून राहिले आणि तिला एकटीला आत पाठवलं. मागच्या वर्षी दारापर्यंत गेले, तेवढंच. रस्त्यात व्हर्लिन भेटले की टोपीला हात लावायचे आणि माझ्या गुडघ्याकडे बघायचे. मला त्यांची कीव नको होती, म्हणून मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे.

या वर्षी व्हर्लिन ब्याऐंशीचे झाले. नाताळात दुकान कायमचं बंद होणार, म्हणजे केन्नाचा संघ हा त्यांचा शेवटचा. आणि नेमकं याच वर्षी विम्याचा धंदा करणाऱ्या क्लेटन रेबरला दानधर्म सुचला. त्याची मुलगी संघात आहे. त्याने बाराजणींसाठी एकसारखे महागडे हिरवे बूट आणले, पोरी नाचल्या, गावच्या वर्तमानपत्रात फोटो ठरला. कोच म्हणाले, शनिवारचा रिवाज आहे तर व्हर्लिनना एकदा दाखवून घेऊ.

व्हर्लिननी बाराही पोरींना फळ्यांवर चढवलं. आठजणींचे बूट पास केले. चौघींचे बॉक्समध्ये परत ठेवले, आणि त्या चौघींत केन्ना होती. ती घरी आली ती दार आपटूनच. "सगळ्या घालणार, मीच नाही! म्हाताऱ्याची साठी बुद्धी नाठी झालीय, आई. तू जा आणि बोल त्याच्याशी!"

लेकीचं रडणं बघवत नाही हे एक. दुसरं म्हणजे फोटोत एकटंच वेगळं दिसणं काय असतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी बॉक्स उचलला आणि गेले.

व्हर्लिन मागच्या खोलीत एकटेच स्टुलावर बसले होते. मला त्या दारात बघून ते उठायला लागले, पण गुडघे त्यांचेही आता नावालाच.

"बसा, मिस्टर व्हर्लिन," मी म्हटलं. "हे बूट काय वाईट आहेत?"

"बूट उत्तम आहेत. केन्नाच्या पायाचे नाहीत. तिचा नंबर नऊ, हे साडेनऊ. क्लेटनला नऊ मिळाला नाही."

"अर्ध्या नंबराने आभाळ कोसळतं का? आठजणी घालणार, गाव बघणार, आणि माझ्या पोरीने एका कोपऱ्यात वेगळे बूट घालून उभं राहायचं? आत एक जादा तळ घाला ना. काय बिघडतंय?"

ते फळ्यांवरच्या काळ्या रेघेकडे बघत बसले. मला वाटलं ऐकू कमी येत असेल, म्हणून मी मोठ्याने पुन्हा म्हटलं, "जादा तळ घाला आत!"

"तेच केलं होतं मी," व्हर्लिन म्हणाले.

"केन्नाच्या बुटात?"

"तुझ्या."

मी बॉक्स धरून उभी राहिले.

"तुझा पाय साडेआठ," ते माझ्याकडे न बघता सांगू लागले. "सातवीपासून मी तुझं माप घेत होतो, मला चुकणं शक्य नव्हतं. कंपनीने अकरा जोड बरोबर पाठवले आणि तुझा तेवढा नऊ. टाचेवर तुझं नाव रंगवलेलं. फोन केला तर म्हणाले, दुसरा पाठवतो, आठ दिवस लागतील. सामना दोन दिवसांवर. तुझा बाप रोज दुकानात येऊन विचारायचा, आले का बूट, आले का बूट. अख्खं गाव विचारायचं. मग मी बुटाच्या आत एक पातळ तळ चिकटवला, बॉक्सवरचा आकडा खोडला आणि तुला काही सांगितलं नाही. तू टाच हलत नाही म्हणालीस तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. मार्ला, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. तेच मला आजवर सलतं."

"डॉक्टर म्हणाले होते, कुठल्याही बुटात..."

"डॉक्टरांनी तो बूट हातात घेतला नव्हता. मी घेतला होता." त्यांनी गल्ल्याखालचा हिरव्या लेसचा डबा पायाने जवळ ओढला. "पुढच्या वर्षी हे सुरू केलं. म्हटलं, गावाला सगळ्या एकसारख्या दिसायलाच हव्या असतील तर दोरीने दिसू देत. दोरी कोणाला लहानमोठी होत नाही. तुला सांगायला तीनदा तुझ्या दारापर्यंत आलो. एकदा तर घंटीही वाजवली आणि परत फिरलो. भित्रा होतो, दुसरं काय."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा, माझा, बापाचा, त्या फोटोवाल्याचा, सगळ्यांचाच आला. क्लेटनचा बॉक्स मी गल्ल्यावर ठेवला. "हा त्याला मीच परत करते," मी म्हटलं. "केन्नाला तुम्ही म्हणाल तो द्या. दोन दिवस तोंड फुगवेल, तिसऱ्या दिवशी खेळेल."

व्हर्लिननी मान हलवली. मग भिंतीला धरून उठले, काठीने वरच्या फळीवरून एक बॉक्स पुढे ढकलला आणि म्हणाले, "तेवढा काढ. माझा हात पोचत नाही."

बॉक्सवर धूळ नव्हती. आत पांढऱ्या बुटांचा जोड होता, न वापरलेला, वयाने पिवळा पडलेला. टाचेवर हिरव्या रंगात 'मार्ला'. आतल्या पट्टीवर साडेआठ.

"सामना झाल्यावर सोमवारी आला," व्हर्लिन म्हणाले. "परत पाठवता येईना, नाव होतं ना. तळ आता दगडासारखा झालाय. खेळायच्या कामाचा नाही."

मी स्टुलावर बसले आणि बसवाल्या बाईचे जाड बूट काढले. ते माझ्या पायाशी बसायला लागले तेव्हा मी नको म्हणणार होते, पण त्यांनी ऐकलं नसतं. बुटांत त्यांनी हिरव्या लेस ओवल्या, खालच्या भोकापासून एकेक घट्ट करत वर आले, गाठ मारली आणि अंगठ्याने टोक दाबलं.

"चढ फळ्यांवर."

एकतीस वर्षांनी मी त्या काळ्या रेघेवर उभी राहिले. चार पावलं गेले आणि परत आले.

"टाच हलते का?" त्यांनी जमिनीवरूनच विचारलं. आवाज थकलेला होता. "खरं सांग."

"नाही हलत," मी म्हटलं. "तेव्हा हलत होती, मिस्टर व्हर्लिन. प्रत्येक पावलाला हलत होती. मला कळत होतं आणि मी खोटं बोलले."

मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

"मग उडी मारून बघ," ते म्हणाले.

"माझ्या गुडघ्याचं काय?"

"अगं, उंच कुठे जायचंय? मी काय सांगत आलोय आजवर?"

मी त्यांच्या खांद्याला धरलं, जेमतेम दोन बोटं उडाले, आणि नीट खाली आले.