शुक्रवारशेठ आणि रविवारची भांडी

माणूस नुसता रिकामा बसू शकतो, यावर शुक्रवारशेठचा विश्वास नव्हता. रिकामा दिसणारा माणूस आतून काहीतरी शिजवत असतो, असं त्याचं ठाम मत. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवून देण्याचं त्याचं दुकान होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो "शुक्रवारी नक्की" म्हणायचा, म्हणून हे नाव पडलं. कुठला शुक्रवार, ते मात्र तो सांगत नसे.

संशय त्याला वारशातच मिळाला होता. बापाने भागीदारावर डोळे मिटून भरवसा टाकला आणि भागीदाराने दुकान गिळलं. मुलाने पुन्हा शून्यातून दुकान उभं केलं, पण डोळे काही मिटले नाहीत. फोमचा गठ्ठा आला की तो उकलून आत चाचपायचा. दुकानातल्या मिस्त्रीने पक्की केलेली प्रत्येक सीट स्वतः बसून पुन्हा तपासायचा. त्यामुळे मिस्त्रीचं काम संपलं तरी शेठचं संपत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याने रविवारीही शटर वर करायला सुरुवात केली. उपासनेला जायचा, नाही असं नाही, पण शेवटच्या बाकावर, दाराजवळ, फोन मांडीवर ठेवून. पाळकसाहेब एकदा म्हणाले की जग घडवून झाल्यावर सातव्या दिवशी देवानेही हात थांबवले. शेठच्या मनात आलं, देवाला काय, त्याच्या मागे गिऱ्हाइकं थोडीच लागली होती.

अलीकडे त्याचा नेम चुकायला लागला होता. एकदा तर स्टेपल कापडाऐवजी त्याच्या अंगठ्यातच बसली.

"अहो, एक दिवस तरी टेका," बायको पट्टी बांधता बांधता म्हणाली.

"मी टेकलो की बाकीचे पसरतील," तो म्हणाला आणि उठला.

अशात एका नाट्यगृहाच्या झाडून सगळ्या खुर्च्यांचं काम आलं. एवढं मोठं काम आयुष्यात आलं नव्हतं, आणि ते पेलायला मिस्त्रीशिवाय दुसरे हात नव्हते.

"या रविवारपासून तूही यायचं," शेठने फर्मावलं.

"रविवारी नाही जमणार, शेठ."

"का? करतोस काय दिवसभर?"

"काही नाही."

हे "काही नाही" शेठच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्यात चहावाल्याने सांगितलं, तुमचा मिस्त्री दर रविवारी पुलापलीकडे जातो. पुलापलीकडे शेठचा एकच ओळखीचा होता, दुसरा सोफेवाला. एकाच चर्चमधला, एकाच धंद्यातला, आणि शेठच्या मते एक नंबरचा गोडबोल्या. मिस्त्री गेला की खुर्च्या गेल्या, आणि खुर्च्या गेल्या की दुकानाला टाळं. हिशोब सरळ होता.

त्या रविवारी उपासना संपल्यावर शेठने शटर वर केलं नाही. बायको नेहमीप्रमाणे स्त्रियांच्या प्रार्थनासभेला गेली. ती सभा कुठे भरते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बायकोवर त्याचा संशय नव्हता. खरं तर तिच्याकडे बघायला त्याला सवडच नव्हती.

मिस्त्री हातात पिशवी घेऊन निघाला. शेठ मागे, भिंतीच्या आडोशाने. पिशवीत कापडाचे नमुने असणार, हे त्याने ओळखलंच. पुलावर मिस्त्री थांबला आणि पाणी बघत उभा राहिला. पाणी कोण बघतं? कुणाची तरी वाट बघत असणार. कोणीच आलं नाही, तसा शेठचा संशय आणखी वाढला.

सोफेवाल्याचं शटर खाली होतं आणि मिस्त्री मागच्या जिन्याने वर गेला. दुकान बंद आणि वर बैठक, म्हणजे इथेच पाणी मुरतंय. शेठ पाय न वाजवता जिना चढला आणि दाराला कान लावला. आत हशा पिकला होता. त्यात एका बाईचं हसू होतं, शेवटी उचकी लागल्यासारखं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. कितीतरी वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं. त्याने दार ढकललं.

टेबलाभोवती सोफेवाला आणि मिस्त्री बसले होते, आणि स्टुलावर पाय लांब करून त्याची बायको.

"माझ्या खुर्च्या हव्यात ना तुला?" शेठ सोफेवाल्यावर कडाडला. "आणि माझा मिस्त्रीही?"

"आधी बस," सोफेवाला म्हणाला. "आणि आजची भांडी तुझ्याकडे."

"कसली भांडी?"

"इथे रविवारी जो कामाचं बोलेल, तो भांडी घासतो," मिस्त्री म्हणाला. "मागच्या वेळी माझ्यावर आली. मी फक्त 'सुतळी' म्हणालो होतो."

शेठने पिशवीत डोकावलं. केळी होती. त्याने केळ्यांखालीही चाचपून पाहिलं.

"तुझी प्रार्थनासभा होती ना?" तो बायकोकडे वळला.

"प्रार्थना इथेच झाली. बाकीच्या घरी गेल्या. मी बसते."

"बसून करतेस काय?"

"बसते."

"कधीपासून?"

"तुम्ही रविवारी शटर वर करायला लागलात तेव्हापासून. घरी एकटीने काय बसायचं?"

शेठला ते लागलं.

"मीही तुझ्यासारखाच होतो," सोफेवाला म्हणाला. "एकदा काम करता करता कोसळलो. इस्पितळातून आलो तर दुकान व्यवस्थित चाललेलं. आधी राग आला, मग हायसं वाटलं. मी नसलो तरी प्रभू आहे, हे आपण तोंडाने रोज म्हणतो. शटर खाली ओढून म्हणायला जड जातं."

"दुकान म्हणालात," मिस्त्री म्हणाला.

"घासू की दोघं मिळून."

शेठ खुर्चीत बसला. बसता बसता सवयीने सीट दाबून पाहिली. सगळे त्याच्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने मनात शोधलं, तर फोम, कापड, तारखा, गिऱ्हाइकं. त्यापलीकडे एक वाक्य सापडेना.

"मघाशी कशाला हसत होतीस?" शेवटी त्याने बायकोला विचारलं.

"सांगितलं तर भांडी माझ्यावर येतील."

"सांग."

"तुम्ही झोपेत बोलता ते सांगत होते. परवा पहाटे तुम्ही 'शुक्रवारी नक्की' म्हणालात. मी विचारलं, काय नक्की? तर म्हणालात, 'शुक्रवारी नक्की झोपतो.'"

या वेळी कोणी हसलं नाही. तीही नाही.

जेवण झाल्यावर मोरीपाशी तिघं उभी होती. शेठ घासत होता, बायको विसळत होती, सोफेवाला पुसत होता. शेठच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने साबणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती विसळत राहिली. फोन बराच वेळ वाजला आणि थांबला.

शेठने संशयाने खिडकीबाहेर पाहिलं. फोन न उचलताही पूल जागच्या जागी होता.