दानियल मास्तरांची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की पाळकसाहेबांच्या आधी दानियल मास्तर पोचायचे. चपला दाराबाहेर जोडीनं लावायच्या, "सलाम" म्हणायचं, घरच्या माणसाशेजारी सतरंजीवर मांडी घालायची आणि थेट उत्तराला हात घालायचा. प्रश्न कुणी विचारलेला नसायचाच. जन्मभर प्राथमिक शाळेत पोरं शिकवलेला माणूस. कोरी पाटी त्यांना बघवत नसे.

"परीक्षा कुणाची घेत्यात? हुशार पोराचीच की! ढ पोराला कोण विचारतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कॉलेजात असताना माझे वडील गेले, तेव्हा माझा हात हातात घेऊन त्यांनी हेच ऐकवलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. बाप गेला तो उगीच गेला नाही, या कल्पनेला धरून मी ते वर्ष काढलं.

दुसरं त्यांच्या आवडीचं म्हणजे विणकामाचं. आपल्याला कापडाची उलटी बाजू दिसते, नुसता गाठींचा गुंता. नक्षी वरून देव बघतो. हे त्यांनी एकदा शेजारच्या नरसय्याला सांगितलं. नरसय्याचा जन्म मागावर गेलेला, आणि त्याची बायको नुकतीच वारलेली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, आपल्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसती. दोनी अंगानं नक्षी दिसती." मास्तर जरा गडबडले आणि म्हणाले, "मग गालिचा धर की!" त्या घरात, त्या दिवशी, नरसय्यासकट सगळे हसले. आम्ही कितीतरी दिवस मास्तरांना त्यावरून चिडवत होतो.

त्यांची एकुलती एक मुलगी रूथ आणि तिची पोर करुणा त्यांच्याच घरी राहत. जावई अपघातात गेला होता. त्यालाही मास्तरांकडे उत्तर होतं.

करुणा नऊ वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. केस गेले, तोंड आलं, हातांवर सुया टोचायला जागा उरली नाही. काही महिन्यांनी रिपोर्ट साफ आला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन वर्षं औषधं चालतील, आत्ताच काही धरून चालू नका. मास्तर म्हणाले, "डॉक्टरनं थांबावं. विश्वासणाऱ्यानं कशाला थांबायचं?"

आमच्यात कुणी दुखण्यातून उठलं की मंडळीला घरी बोलावतात. गीतं होतात, बरं झालेलं माणूस उभं राहून देवानं काय केलं त्याची साक्ष देतं, मग जेवण. याला उपकारस्तुती म्हणतात, आणि ती अर्थातच सगळं पार पडल्यावर करायची असते. मास्तरांनी ती लगेच करायची ठरवली. रूथ म्हणाली, "अप्पा, दोन वर्षं होऊ द्या की."

"मिळाल्यावर आभार कुणीबी मानतंय बाई. आधी मानायला विश्वास लागतोय."

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निमंत्रण पडलं. मंडप मीच घातला. करुणाला खुर्चीवर उभं केलं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, खाली नुकते फुटलेले केस. चार दिवस मास्तरांनी तिच्याकडून साक्ष पाठ करून घेतली होती. "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं आहे. मी त्याची साक्षी आहे," असं ती कुठंही न अडखळता म्हणाली. बायका रडल्या. आम्ही सगळे मोठ्यानं आमेन म्हणालो. एकाच्याही मनात आलं नाही, की हे पोरीच्या तोंडी घालणारे आपण कोण.

चार महिन्यांत दुखणं उलटलं.

मी डबा घेऊन वॉर्डात गेलो होतो. मास्तर खाटेशी बसून तिचे पाय चेपत होते. करुणा म्हणाली, "आजोबा, मी खोटी साक्ष दिली ना? म्हणून देव रागावला."

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा रविवारच्या शाळेत तिला त्यांनीच शिकवली होती. मास्तरांनी तिचे पाय चादरीनं झाकले. म्हणाले, "तू न्हाई गं बाळा. मी दिली. तुझ्या तोंडून मी दिली."

"पण बोलले तर मीच की," ती म्हणाली.

पुढं तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथं एकालाच सोडत, म्हणून रूथ आत आणि मास्तर बाहेरच्या बाकावर. तीन दिवसांनी पोर गेली. दफनाच्या वेळी बाहेरगावचे एक उपदेशक म्हणाले, देवाला आपल्या बागेत सुंदर फुलं हवी असतात. मास्तर खड्ड्याच्या कडेवरून म्हणाले, "साहेब, गप ऱ्हावा. त्याला फुलं कमी पडली न्हाईत."

त्यानंतरही दुःखाच्या घरी मास्तर जात. भिंतीला टेकून बसत, बोलत नसत. लोकांना ते अवघड जाई. काहीजण म्हणत, म्हातारा देवावर रुसला. मी एकदा विचारलंच.

"देव दुःख का देतो, हे मी जन्मभर लोकांना सांगितलं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं होतं? मनानंच सांगत होतो की. वधस्तंभावरनं त्याच्या पोरानं विचारलं, मला का सोडलंस म्हणून. तवा बाप बोलला न्हाई. माझ्याशी काय बोलंल?"

"मग रविवारी चर्चला कशाला येता?"

"दुसरीकडं कुठं जाऊन विचारू, सामू?"

पण त्यांना खाणारा प्रश्न देवाला विचारायचा नव्हताच. तो रूथला विचारायचा होता. साक्षीत तिची चूक नव्हती, हे शेवटी करुणाला पटलं होतं का? ते फक्त रूथला ठाऊक. एका घरात राहून, तिच्या हातचं जेवून, सहा वर्षं त्यांना धीर झाला नाही. रूथही कामापुरतं बोले.

यंदाच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या किडन्या निकामी झाल्या. दवाखान्यातून घरी आणलं. एका दुपारी मी चमच्यानं पाणी पाजत होतो, रूथ कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरांनी तिला हाक मारली आणि शेवटी ते विचारलं.

मी रूथला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"न्हाई अप्पा. शुद्ध होती तोवर ती माफीच मागत होती."

मला तिचा भयंकर राग आला. मरणाऱ्या माणसाला एक शब्द देता येत नाही? मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, "बरं केलंस. खरं सांगितलंस." थोडा दम खाऊन म्हणाले, "आता मीच जाऊन सांगतो तिला."

रूथच्या हातातली घडी सुटली. "आन् भेटलीच न्हाई तर?"

 मास्तर पुन्हा बोललेच नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पण त्या दुपारी रूथ कितीतरी वेळ माझ्याकडं बघत उभी होती, 'भेटेल' एवढं मी म्हणावं म्हणून. मी ख्रिस्ती आईबापांच्या पोटचा, दर ईस्टरला पुनरुत्थानाची गीतं गाणारा. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही.