विनोदाआधी उशी

काकांच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या देसाईंच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी एकाच आठवड्यात फुटली. देसाईंचं पोट छातीखालपासून उघडून डॉक्टरांनी ती दुरुस्त केली. काकांच्या जांघेतून तार सरकवून आतल्या आतच नळी बसवली. दोघेही वाचले.

भेटायला येणारे शहाळं ठेवतात आणि पहिलं विचारतात, "किती टाके?" देसाई ऐटीत सदरा वर करतात. काका बिचारे जांघ कशी दाखवणार? "अहो, मीसुद्धा मरता मरता वाचलोय," ते कुरकुरतात. जीव वाचल्याचा पुरावा आपल्याला कातडीवरच हवा असतो. माणूस समोर बसून शहाळं पितोय, हे पुरत नाही!

आज सकाळी काकांना एक विनोद आठवला. तोंड उघडलं आणि ते थांबले. हळूच उठले, देसाईंची उशी त्यांच्या टाक्यांवर ठेवली. हसताना टाके ओढले जातात ना.

"धरलीत घट्ट?"

"धरली. सोडा आता."

देसाई उशीला कवटाळून बेताबेताने हसले. त्यांच्या वाटणीचं उरलेलं काका हसले, अगदी पोट धरून.