सूनबाईचा इंग्रजी उतारा आणि माझी ड्युटी

मंडळी, आमची सूनबाई रविवारी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसतेय. गेल्या वर्षी इंग्रजी उताऱ्यांनीच तिचा घात केला. आज सकाळी पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, शब्द पाठ हायत, पण उतारा डोक्यात शिरत नाय. मी नाय बसत परीक्षेला."

मी सातवी शिकलेला. पण तारापूरच्या कारखान्यात पुढच्या पाळीच्या माणसाला सगळं तोंडी सांगितल्याशिवाय आम्ही मशीन सोडत नसू. म्हटलं, "समज, मी पुढच्या पाळीचा. सांग, उताऱ्यात काय झालं?"

तिने मधमाश्यांचा उतारा मराठीत सांगितला. मी विचारलं, "पण त्या पोळं सोडून का गेल्या?" ते तिने सांगितलंच नव्हतं. परत वाचलं, आणि चेहरा उजळला. उताऱ्याखालच्या पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर!

"बाबा, उद्यापण ड्युटीवर या हां!"

रिटायर माणसाला आणखी काय हवं? तुमच्या घरी अभ्यास कोण ऐकून घेतं?