आधी तुम्ही लोंबकळा

"आधी तुम्ही लोंबकळा, मंग मी चढतो."

झाड ज्याचं असेल त्याला, फांद्या छाटायला आलेले आमच्या गावाचे मामा हे सांगायचे आणि फांदीवरून सोडलेल्या दोराचं टोक त्याच्या हातात द्यायचे. ही गंमत नव्हती. मालक दोर धरून, पाय उचलून घटकाभर लोंबकळला नाही, तर मामा आपली करवत उचलून घरी चालू लागायचे.

फांद्या छाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तो बिचारा जीव मुठीत धरून वर असतो आणि आपण खालून शहाणपण शिकवतो, 'ती राहिली बघा, तीही घ्या.' आमच्या जळकोटात मामांनी या शहाण्यांचा असा बंदोबस्त केला होता. बँकेतल्या एका साहेबांना मी शर्टाचं इन सुटेपर्यंत लोंबकळताना पाहिलंय. एका भरभक्कम मालकिणीनं चपला काढल्या, देवाचं नाव घेतलं आणि दोर धरला, तेव्हा सगळी गल्ली जमली होती. "कामून हो असं करता?" खाली टेकल्यावर तिनं विचारलं. मामा म्हणाले, "मी कशाच्या भरवशावर वर हाय, ते तुम्हालाबी ठाऊक पाहिजे." त्या बाईनं पुन्हा एकही फांदी दाखवली नाही, उलट ती वर चहा पाठवता येईल का ते विचारत होती.

माझं दुकान फवारणीचे पंप आणि पेट्रोलवरच्या करवती दुरुस्त करण्याचं. मामा माझे गिऱ्हाईक कमी आणि सासू जास्त. मी चेनला कानस मारली की ते दारातल्या ओंडक्यावर करवत चालवून बघायचे आणि पडलेला भुसा चिमटीत धरून माझ्या नाकासमोर आणायचे. "हे तर पीठ पडून राहिलं. पोळ्या लाटायच्या का?" धार लागलेली चेन पीठ पाडत नाही, बारीक ढलप्या काढते. त्या दिसेपर्यंत मला जेवायला उठू द्यायचे नाहीत. मी जाम चिडायचो. मग ते मामींच्या जुन्या लुगड्यात करवत बाळासारखी गुंडाळायचे आणि माझा राग कुठल्या कुठे जायचा.

दोराचं तर विचारूच नका. कमरेच्या पट्ट्यात अडकवायला दोराच्या टोकाला कडं लागतं. बाकीचे लोक सरळ गाठ मारतात. मामा टोकाचे तीन पीळ उकलायचे, टोक मागं वळवायचे आणि ते पीळ दोराच्याच अंगात एकेक करून विणायचे. "गाठ दोराला खाती," म्हणायचे. मामींनी नेमकं हेच पकडलं होतं. मामांची साठी उलटल्यावर त्यांनी अट घातली, "ज्या दिवशी दोराला गाठ दिसंल, त्या दिवशी झाड बंद." मामांनी हसत हसत कबूल केलं. आपले हात आपल्याला दगा देतील असं कुणाला वाटतं?

हातांनी दगा दिला. करवतीच्या थरथरीनं बोटं बधिर होत गेली. एका उन्हाळ्यात मामा नवा दोर घेऊन दुकानात आले. शाळेच्या कौलांवर चिंचेची मोठी फांदी झुकली होती आणि शाळा भरायच्या आत ती काढून देतो, असा शब्द ते देऊन बसले होते. त्यांनी पीळ उकलले, पण विणता येईनात, बोटांतून निसटत होते. "तू कर, मी सांगतो," म्हणाले. मी केलं. "वेणी घालून राहिला का?" म्हणत त्यांनी ते उकललं आणि दोर मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

थोड्या दिवसांनी आले ते सुरेख कडं घेऊनच. "जमलं की मामा!"

"माझं न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "तिचं हाय." इतकी वर्षं शेजारी बसून भाजी निवडता निवडता मामी सगळं बघत होत्या.

फांदी काढायच्या दिवशी शाळेत मी मुद्दाम गेलो. मामीही आल्या होत्या, त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आयतं सुटत होतं की झाड. कामून विणून दिलंत?"

"बोटांपायी बसले असते तर जल्मभर त्या फांदीकडं बघत बसले असते," मामी म्हणाल्या. "ती तोडू दे. आपल्या मनानं उतरू दे."

मामांनी नेहमीसारखी हेडमास्तरांना हाक मारली, "सर, आधी तुम्ही..."

"सर राहू द्या," मामी पुढं झाल्या. "माझ्या हातचं हाय. आधी मी." त्यांनी पदर खोचला, दोर धरला आणि पाय उचलले. अख्ख्या गावाला लोंबकळवून निवांत बघणारे मामा त्या वेळी पाठ फिरवून उभे होते. दोर करकरला, पण धरून राहिला.

"चढा," मामी म्हणाल्या.

मामा चढले. फांदी दोराला बांधून त्यांनी तुकड्या-तुकड्यानं अलगद खाली सोडली, एकही कौल फुटलं नाही. उतरल्यावर कमरेचा पट्टा सोडून मामींच्या हातात दिला. "झालं," म्हणाले. त्यानंतर ते कुठल्याच झाडावर चढले नाहीत. माझ्या दुकानात येऊन दुसऱ्यांच्या करवतींचा भुसा चिमटीत धरायचं मात्र सोडलं नाही.

गेल्या थंडीत ते गेले. घरात, खाटेवर, झोपेत. मामींना त्याचं समाधान आहे. मला मात्र ते हवे होते. चेनमधून चांगल्या ढलप्या पडल्या की मी अजून दाराकडे बघतो.

परवा दुकानावर झुकलेला कडुलिंब छाटायला नांदेडहून एक जण आला. डोक्याला हेल्मेट, अंगभर पट्टे, चकचकीत कड्या. दोर वर टाकून तो चढायला निघाला.

"थांबा," मी म्हणालो. "आधी मी लोंबकळतो."

तो बघतच राहिला. समोरचा चहावाला हसायला लागला. मी या सुटलेल्या पोटासकट दोर धरला आणि पाय उचलले. दोर करकरला, पण धरून राहिला.

"चढा," मी म्हणालो.