तीन नंबरच्या खुर्चीवरचा रुमाल

बुद्धप्रियाला कुणी ‘जमायचं नाही’ म्हटलं की तिचं डोकं तापायचं आणि हात चालायला लागायचे. बी.कॉम. तिने लग्नानंतर पुरं केलं, तेही धाकटीला मांडीवर घेऊन. नवरा, रत्नदीप, चिंचोळी एमआयडीसीत पाळीला निघाला की ही सकाळी सातला वस्तीतल्या विहारामागची अभ्यासिका उघडायची. झाडायचं, पेपर मांडायचे, पुस्तकावर डोकं ठेवून झोपणाऱ्यांना उठवायचं, ही तिची कामं.

अभ्यासिकेत पाच कॉम्प्युटर होते, एका कारखान्याने जुने झाले म्हणून दिलेले. चालू करून चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. शेवटी विहार समितीचे अध्यक्ष नागनाथकाका एका सोमवारी म्हणाले, “पोरी, ही धुडं भंगारात घालू. रविवारी ठराव करू आन् लगेच टेम्पोत चढवू.”

“काका, ते बिघडले नाहीत. म्हातारे झालेत नुसते.”

“बिघडलं काय आन् म्हातारं काय, काम होत न्हाय न्हवं?” बहात्तर वर्षांचे काका म्हणाले.

काका एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. शब्दाला पक्के, हट्टाला त्याहून पक्के. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. ‘जो आधी चढंल त्याची जागा’ हा त्यांचा कायदा, आणि निवृत्तीनंतर तो त्यांनी अभ्यासिकेलाही लावला होता.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. बुद्धप्रिया पूर्वी एका दवाखान्यात डेटा एन्ट्री करायची. लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम जुन्या मशीनवरही पळते, हे तिने तिथे पाहिलं होतं. ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि मंगळवार दुपारपर्यंत पाचही मशीनवर चढवली. आता कपात साखर ढवळून होईतो पडदा हजर!

पण मुलं आली, पडद्याकडे बघितलं आणि मागे सरली. “ताई, हे काय? बटणं कुटं गेली सगळी?” फुकटचं जेवायला बसतील आणि वर मीठ कमी म्हणतील, अशी जात ती. बुद्धप्रियाने मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि सिस्टीममधलं ‘ट्वीक्स’ नावाचं साधं सेटिंगचं साधन उघडलं. एक चौकट, तिच्यात चालू-बंदच्या खुणा, एवढंच. त्यात आणि शेजारच्या सेटिंगमध्ये हात घालत तिने बाजूची पट्टी खाली आणली, अक्षरं ठळक केली, खिडक्यांचे नाचरे नखरे बंद केले. पाचही पडदे निळे केले. मशीनमध्ये शिरायला सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. विहारात सगळे एका सतरंजीवर बसतात, मग इथे वेगळं कशाला, असं तिला वाटलं.

तिथेच ती चुकली. गुरुवारी पोलीस भरतीची तयारी करणारी संघप्रिया बसली. ती डावखुरी. तिने माउसची बटणं उलटी करून घेतली आणि तिच्यानंतर बसलेल्या पोराला माउस जुमानेना. पलीकडच्या गल्लीतली राहत नावाची मुलगी उर्दूत अर्ज लिहून गेली आणि पुढच्याने मराठी दाबलं तर उर्दू उमटायला लागलं. संध्याकाळी अशी भांडणं जुंपली की रस्त्यावरची माणसं डोकावली. काकाही दारात उभे होते.

“बघ. बिघडल्यात म्हनलं हुतं की,” एवढंच बोलून ते गेले.

बुद्धप्रियाला रडूच फुटलं. ती चांगली रडली, मग ओढणीने डोळे पुसून कुलूप लावून घरी गेली.

शुक्रवारी झाडताना तिला खुर्च्यांवर रोजच्यासारखं काहीबाही सापडलं. वही, बाटली, रुमाल. काकांच्या नाकावर टिच्चून मुलं जागा धरतच होती. रुमाल उचलता उचलता तिचा हात थांबला. माणसाला आपली अशी एक जागा लागते. सगळ्यांना सारखी चप्पल द्यावी, पण ज्याच्या त्याच्या मापाची! तिने झाडू तिथेच टाकला आणि मशीनवर प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं उघडायला बसली. एकेकाला शेजारी बसवून सांगितलं, “तुला कसं पाहिजे तसं तूच लाव. ते तुझ्या नावापुरतंच राहील.” संघप्रियाचा माउस डावा झाला, राहतला उर्दू मिळालं, आणि कुणाचं कुणाला नडेना. शनिवारी पाचही खुर्च्या भरल्या, शिवाय तिघं उभी.

त्याच दिवशी तीन नंबरच्या मशीनवर तिने गुपचूप आणखी एका नावाचं खातं उघडलं. दोन वर्षं ती पाहत होती, काका पेपरातले मथळे वाचायचे आणि बाकीचं ‘चष्मा घरी राह्यला’ म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. चष्मा तर नाकावरच असायचा. त्या नावापुरती तिने अक्षरं भलीमोठी केली, पडदा काळा केला आणि माउसचा बाण बोटाएवढा.

रविवारी दारात टेम्पो लागला. समितीचा सचिव प्रदीप याने ठरावाचा पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. “प्रिंट काढून आण, काकांची सही घ्यायची हाय.”

“आधी काकांना वाचू तर द्या,” ती म्हणाली आणि पेन ड्राइव्ह तीन नंबरला लावला.

“चष्मा घरी…” मागून काका म्हणाले.

“राहू दे घरी. तुम्ही बसा.”

काका बसले. पडद्यावर त्यांचं नाव आलं, मग ठराव आला, काळ्यावर पांढरा. ते पुटपुटले, मग त्यांचा आवाज चढला. थांब्यांची नावं पुकारावीत तसे एकेक शब्द वाचू लागले. “अभ्यासिकेतील… पाच… नादुरुस्त व निरुपयोगी… संगणक…”

ते थांबले. डाव्या हाताला संघप्रिया सराव परीक्षा सोडवत होती. उजवीकडे राहत टाइप करत होती.

“परदीप, हे कुनी लिवलं?”

“तुमीच सांगितलं की, काका.”

“सांगितलं. पर तवा मला दिसत नव्हतं.” काकांनी पडद्यावरच्या ‘निरुपयोगी’वर बोट ठेवलं. “एकतीस वर्षांत खोटं तिकीट फाडलं न्हाय मी. आता ह्या खोट्या कागदावर सही करू व्हय?”

टेम्पो रिकामा परत गेला. बुद्धप्रियाला इतका आनंद झाला की तिने राहतच्या पाठीत जोरात धपाटाच घातला.

सोमवारी सातला ती आली तर काका कुलपापाशी उभे. दार उघडताच ते तरातरा आत गेले, खिशातला रुमाल काढला आणि तीन नंबरच्या खुर्चीवर टाकला.

“च्या पिऊन येतो,” ते म्हणाले. “कुनाला बसू दिऊ नगंस.”