डाव्या हाताची कॉइल

पोरं तिला तारमावशी म्हणायची. खरं नाव काय ते शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नाही. पंख्याच्या कारखान्यात बावीस वर्षं मोटारीच्या कॉइली गुंडाळलेली बाई ती. तांब्याची तार बोटांतून सोडता सोडता तिच्या उजव्या तर्जनीला एक खाच पडली होती, आणि ती खाच पोरांना मोठी गंमत वाटायची. "मावशी, दुखतं का हो?" असं दर शनिवारी कुणीतरी विचारायचंच. "दुखायचं तेव्हा दुखलं, आता नुसती शोभेला आहे," म्हणायची.

कारखान्यातला तिचा पहिला आठवडा तिला कायम आठवायचा. वाइंडिंगच्या टेबलावर जी सगळ्यांत जुनी बाई होती, तिला थोरली म्हणत. ही थोरली हिच्या मागे हात पाठीशी बांधून उभी राहायची. हिने अकरा कॉइली बिघडवल्या. तार तुटली, वेढे एकमेकांवर चढले, रडकुंडीला आली बिचारी. पण थोरलीने एकदाही हात पुढे केला नाही. "मी हात लावला की कॉइल माझी झाली," म्हणायची. "मग तू काय करणार? बघत बसणार?" बारावी कॉइल जमली, ती अशी की पुढे बावीस वर्षांत तिची एकही कॉइल तपासणीवरून परत आली नाही. तिचा ताठा होता तो. आणि का नसावा?

मग कारखान्यात मशीन आलं. सोळा बायकांचं काम ते एकटं करायचं, आणि वर चहाला उठायचं नाही. सोळाच्या सोळा घरी. पहिले दोन महिने ही घरात दिसेल ते गुंडाळत बसली. सुतळी, लोकर, कपडे वाळत घालायची दोरी. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर, जिभेला हाड नसलेला माणूस. "अगं, आता तेवढा मला गुंडाळू नकोस म्हणजे मिळवली," म्हणाला. ती हसली नाही. हातांना काम नाही म्हणजे काय, ते त्याला कसं कळणार? त्याचं स्टिअरिंग सुटलं तेव्हा तो सुखाने झोपला होता.

शाळेचा संबंध आला तो एका बंद पडलेल्या पंख्यामुळे. तिसरीच्या वर्गातला पंखा दुरुस्त करायला तिला बोलावलं. तिने तो जमिनीवर उघडला, आणि बघते तर वर्गातली सगळी पोरं तिच्याभोवती. "आत काय आहे?" "हे कशाने फिरतं?" "मी हात लावू?" तिने लावू दिला. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी पंख्याकडे बघितलंच नाही, पोरांकडे बघितलं. पुढच्याच आठवड्यात जिन्याखालची खोली रिकामी झाली आणि तारमावशीला दर शनिवार मिळाला.

चार वर्षं तो शनिवार चालला. जुन्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांचा पूल, काड्यापेट्यांची क्रेन, डब्यातला टॉर्च. आणि वर्षाच्या शेवटी मोटार: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि स्वतः गुंडाळलेली कॉइल. खरी मेख कॉइलच्या टोकांत. तारेवर वार्निश असतं. एका टोकाचं ते पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं अर्धंच, एका बाजूचं. जास्त खरवडलं तर कॉइल नुसती थरथरते, कमी खरवडलं तर मख्ख बसते. आठ वर्षांच्या पोराला हे पहिल्या फटक्यात जमत नाही. जमूही नये. तारमावशी प्रत्येकामागे हात पाठीशी बांधून उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, "नाही फिरली? मग का नाही फिरली, ते शोध. आधी सेल बघायचा, मग कॉइलला नावं ठेवायची."

चौथ्या वर्षी वर्गात एक डावखुरी होती. नाव घेऊन तिला कुणी हाक मारत नसे, सगळी तिला डावरीच म्हणत. बोलणं असं की दिवसाला दहा शब्द झाले तर खूप. घरी तिच्या हातून पाणी सांडायचं म्हणून पेला आई धरायची, बूट बांधायला वेळ लागायचा म्हणून ते बाबा बांधायचे. वर्गात तिची चित्रं शेजारीण पुरी करून द्यायची. सगळं प्रेमाने हो! पण त्या पोरीच्या हातात एक गोष्ट म्हणून शेवटपर्यंत राहायची नाही. जिन्याखालच्या खोलीत तेवढं तिच्या हातातलं कुणी काढून घेत नव्हतं. तिने कॉइल गुंडाळली ती डाव्या हाताने, म्हणजे सगळ्यांच्या उलट दिशेने. तीन शनिवार ती वार्निश खरवडत होती. तिसऱ्या शनिवारी कॉइल पिनांवर ठेवली, बोटाने हलकेच ढकलली, ती अर्धी वळली आणि थांबली. तारमावशीच्या पाठीमागे हातांची चुळबुळ झाली, पण हात तिथेच राहिले.

"पुढच्या शनिवारी फिरेल," डावरी म्हणाली. तारमावशीला त्या रात्री चक्क जेवण गोड लागलं.

आणि नेमक्या त्याच पुढच्या शनिवारी समिती येणार होती. शाळेची समिती नवी, माणसं नवी. जिन्याखालची खोली त्यांना सामान ठेवायला हवी होती. तिथे पोरं दर शनिवारी करतात काय, तारा कापून शिकतात काय, बोटं कापली तर जबाबदार कोण? बघून ठरवू म्हणाले. म्हणजे ठरल्यातच जमा होतं.

शुक्रवारी दुपारी मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. "उद्या सगळं फिरलं पाहिजे हो," त्या म्हणाल्या. "तुमचा तो हात न लावायचा नियम मला पटतो. चार वर्षं मी त्यासाठी भांडले आहे. पण ती माणसं पंधरा मिनिटं थांबणार. पंधरा मिनिटांत नियम दिसत नाही, मोटार दिसते."

खोली गेली तर? पुन्हा सुतळी आणि लोकर. शाळा सुटल्यावर ती किल्ली घेऊन जिन्याखाली गेली, बिस्किटाच्या डब्यातून सेल काढले आणि पोरांच्या कॉइली एकेक करून लावून बघायला लागली. पहिली फिरेना. दुसरी फिरेना. तिसरी, चौथी, पाचवी. बावीस पोरांच्या बावीस कॉइली, आणि पहिल्या पाचांत एक नाही! मग तिचा धीर सुटला.

सहावी तिने लावून बघितलीच नाही. अ‍ॅप्रनच्या खिशातून ब्लेड काढलं आणि कॉइल उलगडायला घेतली.

खोटं कशाला बोला, तिला मजा आली. किती दिवसांनी बोटांना ते काम मिळालं होतं! तार सरळ करायची, नळीवर घ्यायची, वेढ्याला वेढा चिकटून बसवायचा, टोक एक पूर्ण, एक अर्धं. दीड तासात एकवीस झाल्या. ती गाणं गुणगुणत होती, हे तिच्या खूप नंतर ध्यानात आलं. शेवटची राहिली डावरीची. ती उलटी गुंडाळलेली, उलगडायला जाताच बोटं अडखळली. "ही काय भानगड," म्हणत तिने ती अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली आणि नव्या तारेची दुसरी गुंडाळली, आपल्या नेहमीच्या उजव्या हाताने. एकही कॉइल तिने सेलवर लावून बघितली नाही. तिच्या हातची कॉइल, तपासायची काय?

शनिवारी सकाळी मोठ्या बाई एक पुडकं घेऊन आल्या. "नवे सेल आणलेत. ते डब्यातले टॉर्चच्या वेळचे ना? मेले असतील कधीच."

तारमावशी पुडक्याकडे बघतच राहिली. आधी सेल बघायचा. चार वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं वाक्य. कुठल्या तोंडाने सांगत होती ती? पण तेवढ्यात बुटांचे आवाज आले आणि समितीची तीन माणसं वाकून खोलीत शिरली.

बावीसच्या बावीस मोटारी फिरल्या. भिरभिर, एकसारख्या. पोरं आरडाओरडा करायला लागली. समितीचे अध्यक्ष गुडघ्यांवर हात टेकून बघत होते, आणि माणूस वाईट नव्हता हो, त्यालाही ते खरंच आवडलं होतं. फिरत फिरत तो डावरीपाशी आला. तिची मोटार जोरात फिरत होती आणि ती हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसली होती.

"वा! ही तू केलीस?"

डावरीने तारमावशीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"नाही? मग कुणी केली?"

तेव्हा तारमावशीला खरं बोलता आलं असतं. तिने खोली बघितली, टेबल बघितलं, बावीस पोरं बघितली.

"लाजते हो ती," ती म्हणाली. "हिनेच केलीय."

अध्यक्ष हसले, डावरीच्या डोक्यावर टपली मारून पुढे गेले. डावरीने मान खाली घातली ती वर केली नाही. समिती गेल्यावर तिने सेल काढला, कॉइल उचलली आणि तारमावशीच्या टेबलावर आणून ठेवली. "माझी उलटी होती," एवढंच बोलली. ते ऐकून शेजारच्याने आपली कॉइल डोळ्यांजवळ नेली. "माझ्या तारेला गाठ होती. गाठ कुठे गेली?" मग तिसऱ्याने. मग सगळ्यांनी. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पोरांनी दप्तरं उचलली आणि मोटारी तशाच टेबलावर ठेवून घरी गेली.

खोली रिकामी झाल्यावर तिने खिशात हात घातला. डावरीची कॉइल तिथेच होती, जराशी चेपलेली. तिने ती बोटाने सारखी केली, नव्या सेलवर लावली आणि हलकेच ढकलली.

फिरली. पहिल्याच ढकलण्याला, आणि थांबेचना. तिने ती हाताने थांबवली, टोकं उजेडात धरली. एक पूर्ण, एक अर्धं. काठाला एक ओरखडा नाही. थोरलीलाही दाखवावी अशी. आणि उरलेल्या एकवीसांतल्या किती फिरल्या असत्या? पाच? पंधरा? सगळ्या? आता ते कधीच कळणार नव्हतं. तिने आपल्या हातांनी उलगडून टाकल्या होत्या, गाणं म्हणत. ती तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय, गेली का खोली?"

"राहिली."

"मग तोंड का असं?"

"अहो, राहिली म्हणून," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही, आणि या खेपेला त्याने विनोदही केला नाही.

समितीचं पत्र आठ दिवसांत आलं. खोली कायम. वर आणखी एक वार वाढवून दिला, आणि खाली लिहिलं होतं की मोटारी इतक्या सुबक होतात तर कॉइली अशाच आधी तयार करून द्याव्यात, म्हणजे मुलांच्या हातात ब्लेड द्यायला नको. मोठ्या बाईंनी आनंदाने तिचा हात दाबला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं त्यांना सांगावं असं तिच्या फार मनात आलं. पण सांगितलं असतं तर त्या बिचारीने तरी काय केलं असतं?

पुढच्या शनिवारी तिने पत्र बाजूला ठेवलं आणि पोरांपुढे नवी तार ठेवली. "चला, गुंडाळा. या वेळी अगदी पहिल्यापासून." ती हात पाठीशी बांधून उभी राहिली. पोरं तारेकडे बघत होती, तारेला हात कुणी लावेना. मग पुढच्या बाकावरचा एक अगदी सालसपणे म्हणाला, "मावशी, तुम्हीच करा ना. तुमची फिरते."

तिने डावरीच्या बाकावर सेल ठेवला, पिना लावल्या आणि खिशातून तिची जुनी कॉइल काढून तिच्यासमोर फिरवून दाखवली. "बघ गं. ही तुझी. मी टाकली नव्हती. बघ कशी फिरतेय! तेव्हा सेल मेलेला होता, चूक माझी होती. तुझं सगळं बरोबर होतं."

डावरी फिरणाऱ्या कॉइलवर वाकली. क्षणभर तारमावशीला वाटलं, आता ती हात पुढे करेल.

"ही पण तुम्हीच केली असेल," ती म्हणाली.

"अगं नाही, उलटी आहे बघ! डाव्या हाताची आहे!"

"तुम्हाला डाव्या हातानेपण येत असेल," डावरी म्हणाली. "तुम्हाला सगळं येतं." आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवले, अगदी मावशीसारखे, आणि बघत बसली.